शिवथरच्या खोऱ्यांतील रात्रीचें जेवण



इतिहास हा शब्द कानीं पडला कीं आपल्या डोळ्यांपुढें गड, तरवारी, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. ज्या माणसांनीं ते गड बांधले आणि राखले, तीं रात्रीं काय जेवीत असत, तें धान्य कोणाच्या शेतांत पिके आणि कोणाच्या हातानें दळलें जाई, हा प्रश्न बखरकारांनीं सहसा विचारलेला नाहीं. आज मी त्या प्रश्नाविषयीं बोलणार आहें. निमित्त साधेंच आहे. शहरांतील घराघरांतून दिवेलागणीच्या वेळीं एक प्रश्न रोज उठतो, ‘आज रात्रीं सोपें असें काय करावें?’ या प्रश्नाचें एक उत्तर शिवथरच्या खोऱ्यानें फार पूर्वींच देऊन ठेवलें आहे. आणि त्या उत्तराच्या पोटांत बराच इतिहास दडलेला आहे.

शिवथरचें खोरें महाड तालुक्यांत, वरंध घाटाच्या पायथ्याशीं, सह्याद्रीच्या कड्यांच्या सावलींत आहे. जिल्हा पूर्वींचा कुलाबा. १९८१ पासून त्यास रायगड म्हणतात. जावळीकर मोऱ्यांच्या मुलखांतील हा भाग १६५६ सालीं शिवाजीमहाराजांच्या स्वराज्यांत आला. येथील घळींत समर्थ रामदासांनीं दासबोध सिद्ध केला अशी परंपरा सांगते, आणि धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ही घळ शोधून काढल्यापासून यात्रेकरूंचा ओघ तिकडे लागला आहे. यात्रेकरू घळींत जातात, धबधब्याचें तुषार अंगावर घेतात आणि परततात. खोऱ्यांतील चुलींकडे मात्र कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं.

त्या चुलीवर पिढ्यान् पिढ्या जें रात्रीचें जेवण होत आलें, तें म्हणजे नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. सोबतीस एखादा कांदा, लसणीची चटणी, किंवा मत्स्याहारी घर असेल तर भाजलेली सुकट. सणावारीं भात. आजारी माणसास किंवा म्हाताऱ्यास पेज. एवढाच तो बेत.

आपल्या सोयीसाठीं कृति सांगतों. चौघांसाठीं अर्धी वाटी कुळथाचें पीठ तीन वाट्या थंड पाण्यांत, गुठळी होऊं न देतां, कालवून ठेवावें. कढईंत थोडें तेल तापवून मोहरी, हिंग, ठेंचलेला लसूण आणि मिरची यांची फोडणी करावी. हळद टाकून कालवलेलें पीठ ओतावें व मंद आंचेवर ढवळीत राहावें. मीठ आणि दोन-तीन आमसुलें घालून चांगली उकळी येऊं द्यावी. दहा मिनिटांत पिठी तयार होते. भाकरीसाठीं जितकें नाचणीचें पीठ तितकेंच पाणी उकळून त्यांत पीठ घालावें आणि भांडें झांकून ठेवावें. उकड निघाली कीं ती मळून भाकरी थापावी, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवावा आणि उलटून भाजावी. उकड काढल्यानें पिठास चिकटपणा येतो व भाकरी मोडत नाहीं. पेज तर याहूनही सोपी. मूठभर तांदळाच्या कण्या भरपूर पाण्यांत मऊ शिजवून वर मीठ घातलें कीं झालें.

हें ऐकून कोणीही म्हणेल कीं यांत अवघड तें काय? खरोखरच कांहीं नाहीं. परंतु कोणताही पदार्थ सोपा होतो, तो त्याच्या मागचें अवघड काम कोणीतरी आधींच उरकून ठेवलेलें असतें म्हणून. तें काम कोणीं केलें, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

प्रथम ताटांतील जिन्नसांची वंशावळ पाहूं. कुळीथ हें अस्सल भारतीय कडधान्य. दक्षिणेंतील नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननांत सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचे जळालेले कुळथाचे दाणे सांपडले आहेत. आमसूल ज्या रातांब्याचें होतें, तें झाडही पश्चिम घाटांतलेंच. नाचणी मात्र परदेशची पाहुणी. तिचें मूळ पूर्व आफ्रिकेंतील डोंगराळ प्रदेशांत आहे. तेथून ती कित्येक सहस्रकांपूर्वीं आपल्याकडे आली आणि घरचीच झाली. मिरची तर कालपरवांची. ती अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकांत या किनाऱ्यावर उतरली. तत्पूर्वीं तिखटाचें काम मिरीं, पिंपळी आणि आलें यांनीं होत असे. म्हणजे ज्या ताटास आपण ‘अगदीं आपलें, जुनें’ म्हणतों, त्यांत तीन खंडांचा वांटा आहे. जुनेपणाचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु आपले पूर्वज नव्या वस्तूस दार लावून बसणारे नव्हते, हेंही त्याबरोबर ध्यानांत ठेवावें.

आतां शेताकडे वळूं. या खोऱ्यांत वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तळाच्या सपाट तुकड्यांत बांध घालून केलेलीं भातखाचरें, आणि वरच्या उतारावर वरकस जमीन, अशी येथील शेतीची घडण आहे. वरकस जमिनींत पालापाचोळा व झाडांच्या फांद्या पसरून जाळावयाच्या, त्या राखेंत पहिल्या वर्षीं नाचणी, मग वरी, नंतर तीळ किंवा कारळे घ्यावयाचे, आणि पुढें जमीन कांहीं वर्षें विसावूं द्यावयाची, असा क्रम होता. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ किंवा वाल येई. नाचणीचा एक गुण असा कीं तिचा दाणा वर्षानुवर्षें किडत नाहीं. दुष्काळांत हाच दाणा उपयोगीं पडे.

येथें एक प्रश्न स्वाभाविकपणें उद्भवतो. खोऱ्यांत भात पिकत होतें, तर मग भात फक्त सणावारींच कां? याचें उत्तर पाकशास्त्रांत नाहीं. जमिनीच्या हक्कांत आहे. दक्षिण कुलाबा आणि रत्नागिरी या भागांत खोतीची पद्धति होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्यें खोत असे, व कुळानें भाताच्या पिकाचा अर्धा आणि वरकस पिकाचा तिसरा हिस्सा खोतास द्यावा अशी जुनी वहिवाट होती. सारा, देणें आणि मीठमिरचीचा खर्च भागविण्यासाठीं उरलेल्या भातांतूनही विक्री करावी लागे. तांदूळ महाडच्या बाजारास जाई आणि तेथून सावित्रीच्या खाडीनें बाहेर पडे. कुळाच्या घरीं मागें राही ती नाचणी. ज्यानें भात लावलें, चिखलांत वांकून ज्यानें रोपें खोंवलीं, त्याच्या मुलांस भाताचें अप्रूप असे.

या पद्धतीविरुद्ध चळवळ झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३७ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, आणि १९३८ च्या जानेवारींत कोंकणांतील हजारों शेतकरी मोर्चानें मुंबईच्या कायदेमंडळावर गेले. शेवटीं १९४९ च्या कायद्यान्वयें १९५० सालीं खोती संपली. राजकारणाच्या पुस्तकांत ही घटना जमीनसुधारणेच्या प्रकरणांत येते. मी ती रात्रीच्या जेवणाच्या प्रकरणांतही लिहीन. कारण कायद्याची खरी परीक्षा शेवटीं ताटांतच होते.

दुसरें अवघड काम दळणकांडणाचें. भात घिरटीवर भरडावयाचें, उखळांत मुसळानें कांडावयाचें, कुळीथ खमंग भाजून जात्यावर भरडून त्याचीं टरफलें पाखडावयाचीं आणि मग तीच डाळ पुन्हां बारीक दळावयाची. हें सारें पहांटे, कोंबडा आरवण्यापूर्वीं, घरांतील स्त्रिया करीत. आपण ओव्यांचें कौतुक करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु ओवी हा जात्याचा भार हलका करण्याचा उपाय होता, हें विसरूं नये. मराठींत पाकशास्त्राचीं पुस्तकें १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’पासून छापली जात आहेत, आणि १९७० सालीं प्रसिद्ध झालेलें कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ तर घरोघर पोंचलें. त्या पुस्तकांची कृति ‘पीठ घ्यावें’ येथून सुरू होते. डोंगरांतील बाईचा स्वयंपाक मात्र पीठ ‘घेण्यानें’ नव्हे, तर पीठ ‘करण्यानें’ सुरू होत असे. गांवोगांवीं इंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आल्या, तेव्हां या बायकांच्या पहांटेचे दोन तास मोकळे झाले. कोणत्याही लढाईच्या विजयाइतकीच ही घटना मोठी आहे. पण तिची तिथि कोठेंही नोंदलेली नाहीं.

तिसरी गोष्ट पाण्याची. पिठी असो वा पेज, पहिला जिन्नस पाणी. शिवथरपासून महाड सुमारें तीस किलोमीटरांवर. त्या महाडांतील चवदार तळें कायदेमंडळाच्या १९२३ च्या ठरावास अनुसरून नगरपालिकेनें १९२४ सालीं सर्वांस खुलें केलें होतें. परंतु प्रत्यक्षांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांस तेथें घागर बुडवितां येत नव्हती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं हजारों लोकांनीं त्या तळ्याचें पाणी प्राशन केलें. त्यानंतर परिषदेच्या मंडपांत मंडळी भोजनास थांबली असतां जमावानें हल्ला केला, माणसांना मारहाण झाली आणि शिजलेलें अन्न मातींत मिळालें. तळें पंचगव्यानें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. पुढें दहा वर्षें खटला चालून १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तळ्यावरील हक्क मान्य केला. एक हंडाभर पाणी आणि एक पंगत यांसाठीं आपल्या जिल्ह्यांत एवढें घडलें. ज्यांच्या घरीं नळ फिरविला कीं पाणी येतें, त्यांस स्वयंपाक सोपा वाटतो. आणि महाड-पोलादपूरच्या कित्येक डोंगरवाड्यांवर, इतका पाऊस पडूनही, वैशाखांत पाण्यासाठीं आजही स्त्रियांना पायपीट करावी लागते.

मी आयुष्यभर मास्तरकी केली. मधल्या सुट्टींत मुलें डबे उघडीत, तेव्हां एक गोष्ट माझ्या नेहमीं दृष्टीस पडे. पोळी आणणारीं मुलें मध्यभागीं बसत. नाचणीची भाकरी आणणारीं मुलें भिंतीकडे तोंड करून, झांकणाआड हात घालून खात. त्यांना कोणीं तसें सांगितलेलें नव्हतें. ‘काळी भाकरी ती गरिबाची’ हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नव्हता, तरी तो सर्वांस पाठ होता. ज्या अन्नानें डोंगर राखला, त्याच अन्नाची लाज वाटावी, याहून खिन्न करणारा इतिहास मला ठाऊक नाहीं.

आतां काळ पालटला आहे. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. शंभर ग्रॅम नाचणींत तीनशें मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें, आणि कुळथांत शेंकडा वीसहून अधिक प्रथिनें असतात, हें वैद्यांनीं सांगितल्यापासून शहरांतील दुकानांत नाचणी सुबक पुड्यांतून विकली जाऊं लागली आहे. हें चांगलेंच झालें. परंतु यांत एक विसंगति आहे, ती आपणांपुढें ठेवतों. शहरांत नाचणीचा मान वाढत आहे आणि शिवथरसारख्या खोऱ्यांत तिची लागवड घटत चालली आहे. तरुण माणसें मुंबई-पुण्यास नोकरीस गेलीं. उतारावरची शेती कष्टाची, रानडुकरांचा उपद्रव मोठा, आणि स्वस्त धान्याच्या दुकानांत तांदूळ-गहूं मिळतात. जे भुकेपोटीं नाचणी खात होते, ते सुटले याचा आनंदच मानला पाहिजे. त्यांनीं पुन्हां तसेंच कष्टावें, म्हणजे आपल्या ताटास जुनी चव येईल, अशी इच्छा धरणें हा स्वार्थ होय. नाचणी टिकावी असें वाटत असेल, तर ती पिकविणाऱ्यास तिचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे, आणि तिच्या नांवाला चिकटलेला कमीपणा गेला पाहिजे. पहिली गोष्ट बाजाराची आहे. दुसरी सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.

म्हणून गृहिणींस आणि गृहस्थांसही माझी एक सूचना आहे. आठवड्यांतून एका रात्रीं घरीं पिठी-भाकरीचा बेत करावा. एकानें पीठ कालवावें, दुसऱ्यानें लसूण ठेंचावा, मुलांनीं भाकरी थापून पाहावी. ती वांकडी झाली तरी चवीला कमी होत नाहीं. महाड-पोलादपूरकडे जाणें झालें, तर तेथील आठवड्याच्या बाजारांत डोंगरावरून आलेल्या बाईकडून नाचणी व कुळीथ घ्यावे, आणि भावासाठीं घासाघीस करूं नये. पाव तासांत होणाऱ्या त्या स्वयंपाकाचे उरलेले सारे तास तिनें आपल्यासाठीं आधींच खर्चिलेले असतात.