पोथीची प्रत आणि स्वामित्वहक्क

१/ कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यावर झाला. पुढे बारामतीत त्यांनी बरेचसे काव्य रचले. १७९४ साली ते निवर्तले, तेव्हा भारतात स्वामित्वहक्काचा कायदाच नव्हता.

२/ ज्याला पोथी हवी, तो ती उतरवून घेई. कवीची परवानगी मागण्याची रीत नव्हती. पोथी लिहून देणे पुण्यकर्म मानले जाई. काव्य त्यामुळेच दूरवर पोहोचले आणि टिकले.

३/ याची किंमतही होती. प्रतीगणिक पाठभेद वाढत आणि प्रतींतून कवीला काही मिळत नसे. पंतांचा चरितार्थ बाबूजी नाईकांच्या आश्रयावर चाले.

४/ १८४७ साली कंपनी सरकारने कायदा करून ग्रंथकर्त्याला हक्क दिला. १९५७च्या कायद्याने तो मृत्यूनंतर ५० वर्षे, तर १९९२च्या दुरुस्तीने ६० वर्षे ठेवला.

५/ पण एवढ्या मुदतीत एकुलती प्रत नष्ट झाली तर? २०१२च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना, कागदी प्रत संग्रही असल्यास, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली. लेखकाचा मोबदला राखूनही नकलेला वाव देता येतो, हे कायद्याने मान्य केले. ही मुभा अधिक व्यापक व्हायला हवी.