व्होडाफोन करवाद

परदेशी कंपनीचा समभाग परदेशातच विकला गेला, पण त्याचे मोल भारतातील मालमत्तेवर उभे असेल, तर त्या नफ्यावर भारताला कर आकारता येतो काय, या प्रश्नावरून प्राप्तिकर विभाग व व्होडाफोन यांच्यात २००७ पासून चाललेला वाद. करचुकवेगिरी हा गुन्हा असतो. करटाळणीत मात्र कायद्याचे शब्द पाळून त्याचा हेतू बाजूला सारला जातो. या दोहोंपासून वैध करनियोजन वेगळे कसे ओळखावे, हा वादाचा गाभा.

व्यवहार : फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनच्या नेदरलँड्समधील कंपनीने हचिसन समूहाकडून सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स या केमन बेटांवरील कंपनीचा एकमेव समभाग सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला. त्यामुळे मॉरिशसमधील कंपन्यांच्या साखळीतून मुंबईच्या हचिसन एस्सार या दूरसंचार कंपनीतील सुमारे ६७ टक्के हितसंबंध व्होडाफोनकडे आले. विक्रेत्याच्या भांडवली नफ्यावरील कर खरेदीदाराने पैसे देतानाच कापायला हवा होता, असे म्हणत विभागाने सुमारे ११,२०० कोटी रुपयांची मागणी केली.

न्यायनिर्णय : मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये विभागाची बाजू मान्य केली. समभागासोबत भारतातील अनेक हक्कही हस्तांतरित झाले, असे त्याचे मत होते. २० जानेवारी २०१२ रोजी सरन्यायाधीश एस. एच. कापडिया यांच्या पीठाने हा निर्णय फिरवला. कंपन्यांची रचना किती काळची आहे, भारतात प्रत्यक्ष धंदा होऊन कर भरला गेला काय, मालक बदलल्यावरही धंदा चालू राहिला काय, हे निकष लावून पीठाने हा व्यवहार बनावट नसल्याचे ठरवले. अप्रत्यक्ष हस्तांतरणावर कर लावण्याची तरतूद त्या वेळच्या कायद्यात नव्हती.

कायदाबदल : प्रणव मुखर्जी अर्थमंत्री असताना २०१२ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद १ एप्रिल १९६२ पासून पूर्वलक्ष्यी प्रभावाने लागू केली. येथे नैतिक प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. देशात कमावलेल्या मोलावरचा कर टाळणे अनुचित असेल, तर व्यवहार झाल्यावर नियम बदलणे कितपत उचित? त्याच कायद्यातील करटाळणीविरोधी सर्वसाधारण नियम (‘गार’) पुढे ढकलले जाऊन १ एप्रिल २०१७ पासून अमलात आले.

लवाद व अखेर : भारत–नेदरलँड्स गुंतवणूक कराराखालील लवादाने २५ सप्टेंबर २०२० रोजी व्होडाफोनच्या बाजूने निवाडा दिला. भारताने त्याला सिंगापूरमध्ये आव्हान दिले. मात्र ऑगस्ट २०२१ च्या दुरुस्तीने २८ मे २०१२ पूर्वीच्या अप्रत्यक्ष हस्तांतरणांवरील पूर्वलक्ष्यी करमागणी सोडून देण्यात आली. दावे मागे घेणाऱ्यांना वसूल रक्कम बिनव्याजी परत मिळाली. त्या तारखेनंतरच्या अशा व्यवहारांवरील कर कायम राहिला.