तळटीप ७ : अमळनेरच्या चर्चेतील ‘अवश्यंभाव’

७. अवश्यंभाव : कारण जुळून आले की कार्य टळत नाही, असा निसर्गातला संबंध. मूळ मजकुरातील चर्चा अमळनेरच्या (जि. जळगाव, तेव्हाचा पूर्व खानदेश) तत्त्वज्ञान मंदिरातली आहे, श्रीमंत प्रतापशेठ यांनी ते १९१६ साली स्थापन केले. सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीच असते, म्हणून प्रकृतीतून सृष्टी ठरलेल्या क्रमाने उलगडते. अद्वैती हा नियम व्यवहारापुरता मानतात, परमार्थतः नाही. डार्विनच्या उत्क्रांतिवादात (१८५९) जीवांमधले बदल त्यांची गरज पाहून होत नाहीत. परिस्थितीशी जुळणारे तेवढे टिकतात. त्यामुळे निवड नियमाने होत असली, तरी माणूस घडणे अटळच होते असे त्यातून निघत नाही. पुढील परिच्छेद वाचताना नियमबद्धता आणि अटळपणा यांतला हा भेद अवश्य ध्यानात ठेवावा. सारा वाद त्यावरच उभा आहे. — संपा.