दोन फायलींचे कूळ

पवईच्या आयआयटीतून चालणाऱ्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि बॅशचे पाठ मराठीतही आहेत. असे पाठ गिरवणारा विद्यार्थी लवकरच एका कोड्यापाशी अडतो: ‘बॅश_प्रोफाइल’मध्ये लिहिलेला एलियस लिनक्सच्या नव्या टर्मिनलमध्ये चालत नाही, ‘बॅशआरसी’त लिहिला की चालतो. एका शेलला सुरुवातीच्या दोन फायली कशाला? हा प्रोग्रामरांचा लहरीपणा, असे सर्रास म्हटले जाते. कुळकथा मात्र वेगळे सांगते. फायलीत लिहिलेल्या कमांडी ओळीने चालवण्याची ‘रनकॉम’ ही सोय लुई पूझ्याँ यांनी १९६३-६४च्या सुमारास एमआयटीच्या सीटीएसएस प्रणालीत केली. ‘आरसी’ ही अक्षरे तिथलीच. १९७९च्या युनिक्स सातव्या आवृत्तीतला बोर्न शेल लॉगिनच्या वेळी ‘प्रोफाइल’ एकदाच वाचे. तेवढे पुरे, कारण तिथे ठरवलेला पाथ पुढच्या प्रत्येक प्रोसेसला वारशाने मिळे. त्याच सुमारास आलेल्या बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये एलियस होते, आणि एलियस वारशाने जात नाहीत. ते प्रत्येक नव्या शेलला पुन्हा सांगावे लागतात. म्हणून त्यात दोन फायली: ‘लॉगिन’ एकदाच वाचायची, ‘सीएसएचआरसी’ दर शेलला. १९८९मध्ये ब्रायन फॉक्स यांच्या बॅशनेही साधारण अशीच वाटणी ठेवली: ‘बॅश_प्रोफाइल’ लॉगिन शेलला, ‘बॅशआरसी’ बिगर-लॉगिन शेलला.

यावर आक्षेप असा की, आता लॉगिन ग्राफिकल पडद्यावर होते. लिनक्सचे टर्मिनल बहुधा बिगर-लॉगिन शेल उघडते, तर मॅकचे दर वेळी लॉगिन शेल. मग सगळे ‘बॅशआरसी’तच का लिहू नये? निरीक्षण खरे आहे, उपाय कच्चा आहे. पाथला डिरेक्टरी जोडणारी ओळ तिथे ठेवली, तर शेलमधून शेल उघडताना तीच डिरेक्टरी पुन्हापुन्हा जोडली जाते. शिवाय एसएसएचवरून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवली तरी तिथला बॅश ही फाइल वाचतो, आणि तिने स्वागताची एखादी ओळ छापली तर एससीपीची फाइल-कॉपी बिघडू शकते. डेबियनच्या ‘बॅशआरसी’त म्हणूनच सुरुवातीलाच तपासणी असते: शेल इंटरॲक्टिव्ह नसेल तर इथूनच परत फिरा. ‘प्रोफाइल’मधून ‘बॅशआरसी’ वाचून घेण्याची प्रचलित रीत एलियसांची अडचण सोडवते. वाटणी मोडत नाही. लॉगिनचा संदर्भ जुना झाला असेल, वारशाचा झालेला नाही. जे पुढे आपोआप जाते ते ‘प्रोफाइल’मध्ये, जे जात नाही ते ‘बॅशआरसी’त, एवढा नियम पाळला तर दोन फायली जाचक वाटत नाहीत.