पैनगंगेचे दोन काठ: उन्हं पाणी, थंड हवा आणि संशोधनाचा प्रश्न

पर्यटनाची कुठलीही जाहिरात उघडा. डोंगराळ गावाची असेल, तर त्यात दोन गोष्टी हमखास सापडतील: वरची थंड हवा आणि खालचं गरम पाणी. मनालीला गेलेला माणूस सोलंगच्या उतारावर बर्फात घसरगुंडी खेळतो आणि येताना वशिष्ठ गावातल्या गरम कुंडात अंग शेकतो. शहरातल्या 'डे स्पा'चा धंदाही याच कल्पनेवर चालतो. रोजच्या जागेपासून थोडं दूर जायचं, पाण्यात बसायचं आणि बरं होऊन परतायचं. 'स्पा' हा शब्दसुद्धा मुळात बेल्जियममधल्या एका गावाचं नाव आहे, झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या.

आता यवतमाळकडे या. इथे बर्फ पडत नाही. पण जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. नदीच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्यात, माहूरचा डोंगर आहे: रेणुका, दत्त आणि अनसूया यांची शिखरं, शेजारी किल्ला. नदीच्या त्याच अंगाला किनवट तालुक्यातलं उनकेश्वर आहे, गरम पाण्याची कुंडं असलेलं. यवतमाळच्या बाजूला कापेश्वर आहे, वणीकडे कायर. वाटेत सहस्रकुंडचा धबधबा लागतो. डोंगर, गरम पाणी, धबधबा, देवस्थान: आजच्या भाषेत हे एक पूर्ण 'टूरिस्ट सर्किट' झालं.

तरीही या भागाच्या आरोग्य-पर्यटनाचा इतिहास लिहायचा म्हटलं, की बहुतेकांचा हात आधी चिखलदऱ्याच्या फाइलकडे जातो. असं का होतं, हा या लेखाचा विषय आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर या एका उदाहरणातून विषय कसा कापला जातो आणि परत कसा जोडायचा, हे नीट पाहता येईल.

गावाच्या नावात काय सापडतं

कागद हाती येण्याआधी नावं वाचा. मराठीत गरम पाण्याला 'उन्हं पाणी' म्हणायची जुनी रीत आहे. आता नकाशा काढा. पालीजवळ उन्हेरे, दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, जळगाव जिल्ह्यात उनपदेव आणि पैनगंगेकाठी उनकेश्वर. कोकण, खानदेश आणि मराठवाडा-विदर्भाची सीमा, अशा एकमेकांपासून लांब असलेल्या प्रदेशांत लोकांनी झऱ्याला पाण्याच्या गुणावरून नाव दिलं आणि बहुतेक ठिकाणी शेजारी देव बसवला.

कथाही पाहण्यासारखी आहे. शरभंग ऋषींना त्वचेचा दुर्धर रोग झाला होता, रामाने जमिनीत बाण मारून गरम पाणी काढलं आणि ऋषी बरे झाले, असं उनकेश्वरला सांगतात. उनपदेवलाही शरभंग ऋषींचीच कथा आहे. नवखा संशोधक इथे विचारतो, 'यातलं खरं ठिकाण कोणतं?' हा प्रश्न बाजूला ठेवा. इतक्या अंतरावरच्या दोन झऱ्यांना एकच कथा लागू होते, तेव्हा ती झऱ्याचा उपयोग सांगत असते. इथे कातडीचे आजार घेऊन माणसं येत होती, आणि त्यांना कुंडात उतरायला देवाची परवानगी होती. रोगी माणसाला गावच्या विहिरीवर जे मिळत नसे, ते इथे मिळत होतं.

पाणी गरम का, याचं उत्तर भूशास्त्रात आहे. पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांवाटे खोल जातं. खोलीबरोबर तापमान वाढतं, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. त्यासाठी जवळपास ज्वालामुखी असावा लागत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या थॉमस ओल्डहॅम यांनी देशभरच्या उष्ण झऱ्यांची यादी तयार केली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वेक्षणाने छापली. अशा यादीत झऱ्याचं तापमान आणि ठिकाण मिळतं. तिथे अंघोळ करणारा माणूस मिळत नाही.

थंड हवेची फाइल जाड का असते

चिखलदऱ्याबद्दल नेहमीचं वाक्य असं असतं: १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने या ठिकाणाचा 'शोध लावला'. मेळघाटात कोरकू लोक राहत होते आणि गाविलगडाचा किल्ला जवळच उभा होता. इंग्रजांनी तो १८०३ मध्येच जिंकला होता. तेव्हा 'शोध' या शब्दाचा अर्थ इतकाच, की ती जागा सरकारी कागदात 'आरोग्यस्थान' म्हणून दाखल झाली. महाबळेश्वर १८२८च्या सुमारास माल्कमच्या काळात असंच दाखल झालं आणि माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याच्यामुळे.

एकदा आरोग्यस्थान ठरलं, की रस्ता, बंगला, बाग, हवामानाच्या नोंदी आणि खर्चाची मंजुरी हे सगळं ओघाने येतं. प्रत्येक गोष्टीमागे कागद तयार होतो. म्हणून तिथली फाइल जाड.

उन्ह्या पाण्याच्या कुंडावर येणाऱ्या शेतकऱ्यासाठी असा खर्च कुणी मंजूर करत नव्हतं. त्याची गणना 'यात्रेकरू' म्हणून होई, आणि एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी कागदात यात्रा मुख्यतः दोन कारणांनी येते: बंदोबस्त आणि पटकी. साहेब हवापालटाला गेला तर नोंद आरोग्याच्या सदरात, आणि कुणबी बाई खरजेचं पोर घेऊन कुंडावर गेली तर जत्रेच्या किंवा साथीच्या सदरात. दोघंही बरं वाटावं म्हणूनच घर सोडून निघाली होती.

इथून पहिला धडा घ्या. दफ्तरातलं सदर हे तुमच्या विषयाचं सदर नसतं. 'आरोग्य' या शीर्षकाखाली काही मिळालं नाही, तर महसूल, पोलीस, स्वच्छता आणि देवस्थान इनाम या चारही गठ्ठ्यांत हात घालायचा.

नदी एक, दफ्तरखाने दोन

आता खरी अडचण. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. पैनगंगा ही वऱ्हाडची दक्षिण सीमा झाली. उत्तरेचा काठ इंग्रजी कारभारात, दक्षिणेचा काठ, म्हणजे माहूर आणि उनकेश्वर, निजामाच्या राज्यात. त्याआधी असं नव्हतं. अकबराच्या काळातल्या वऱ्हाड सुभ्यात माहूर आणि कळंब ही दोन्ही सरकारं होती. एका सुभ्याचे दोन शेजारी पुढे दोन राजवटींत गेले.

कारभाराबरोबर कागदही विभागला. वऱ्हाडसाठी १८७० मध्ये आल्फ्रेड लायल यांचं गॅझेटियर आलं. १९०८ मध्ये यवतमाळ जिल्ह्याचं स्वतंत्र गॅझेटियर निघालं. पलीकडे मात्र इंपीरियल गॅझेटियरच्या प्रांतिक मालेत सबंध हैदराबाद संस्थानासाठी एकच खंड. एका काठाला अख्खं पुस्तक, दुसऱ्या काठाला काही ओळी. हा फरक डोळ्यांआड केला, तर उत्तरेकडे 'जास्त इतिहास घडला' असं वाटू लागतं. घडलं दोन्हीकडे. एका बाजूला जास्त छापलं गेलं.

भाषाही बदलते. वऱ्हाडचे कागद इंग्रजीत आणि मराठीत, जुने मोडीत. निजामाकडचे फारसीत आणि पुढे उर्दूत. तुम्हाला नागपूरच्या पुराभिलेखागारातही जावं लागेल आणि हैदराबादच्याही. मार्गदर्शकाशी बोलताना हा प्रवास आणि उर्दू वाचनाची सोय आधीच वेळापत्रकात धरा.

त्यात जिल्ह्यांच्या सीमा हलल्या. आजच्या यवतमाळचा बराच भाग जुन्या कागदांत 'वून', म्हणजे वणी जिल्हा म्हणून येतो. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला, पुसद इकडे आलं आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. म्हणून १९०५ आधीचं पुसद शोधायचं तर वाशीमच्या कागदांत. नदीपलीकडचं किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला जोडलं गेलं. म्हणजे उनकेश्वरचे जुने कागद नांदेडच्या नावाने मागितलेत, तर रिकाम्या हाताने परत याल.

आणि ही फाळणी संपलेली नाही. आज उत्तर काठ अमरावती विद्यापीठाच्या हद्दीत आहे, दक्षिण काठ नांदेडच्या. 'यवतमाळ जिल्ह्यातील धार्मिक स्थळांचा ऐतिहासिक अभ्यास' असं शीर्षक मंजूर झालं की उनकेश्वर बाहेर. नांदेडचं शीर्षक घेतलं की कापेश्वर बाहेर. दारव्हा-आर्णीकडचा जो रोगी नदी ओलांडून कुंडावर जात होता, तो दोन्ही प्रबंधांतून निसटतो.

'कुष्ठ' वाचताना थांबा

या विषयात सगळ्यात मोठा खड्डा शब्दाचा आहे. जुन्या ग्रंथात किंवा स्थळकथेत 'कुष्ठ' आलं की आपण लगेच महारोग समजतो. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. त्यांत आज ज्याला आपण इसब, सोरायसिस किंवा गजकर्ण म्हणू असे त्वचाविकारही बसतात. आधुनिक अर्थाचा कुष्ठरोग एका विशिष्ट जंतूमुळे होतो. तो हॅन्सन यांनी १८७३ मध्ये ओळखला. गरम पाण्याने तो बरा होत नाही. त्यावर पहिलं परिणामकारक औषध, डॅप्सोन, १९४०च्या दशकात वापरात आलं आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली.

मग 'झऱ्याने कुष्ठ गेलं' ही आठवण खोटी समजायची का? घाई करू नका. खरूज किंवा कोरडी खाज असलेल्याला कोमट खनिजयुक्त पाण्यात रोज अंघोळ, थोडी विश्रांती आणि स्वच्छ कपडे मिळाले, तर आराम पडणं शक्य आहे. सांगणाऱ्याने 'कुष्ठ' कशाला म्हटलं, हे आधी ठरवा. रोगाचं नाव तुम्ही द्यायचं नाही, लक्षणं नोंदवायची.

याला कायद्याची एक बाजू आहे. १८९८च्या लेपर्स अ‍ॅक्टनुसार, जिथे तो लागू केला जाई तिथे, कुष्ठरोग्यांना सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर अंघोळ करायला आणि पाणी घ्यायला मनाई करता येत होती. हा कायदा एकविसाव्या शतकापर्यंत पुस्तकात राहिला. एका बाजूला देवाच्या कथेने रोग्याला उघडं ठेवलेलं कुंड आणि दुसऱ्या बाजूला कायद्याने त्याला बंद करता येणारं तळं. नदीच्या ज्या काठावर निजामाचं राज्य होतं, तिथे ब्रिटिश कायदा आपोआप पोहोचत नव्हता. मग रोगी माणसाने नदी ओलांडण्यात श्रद्धेबरोबर हेही कारण होतं का? एका प्रबंधाला पुरेल एवढा हा प्रश्न आहे.

पुढे विदर्भात या माणसांसाठी संस्था उभ्या राहिल्या: वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला बाबा आमटे. या संस्थांचा इतिहास लिहिला गेला आहे. त्याआधी ही माणसं कुठे जात होती, याचं उत्तर शोधताना झऱ्याचा रस्ता लागतो.

मग सिनॉप्सिस कशी लिहायची

शीर्षकात जिल्हा घालण्याऐवजी चालणारा माणूस घाला. 'पैनगंगाकाठची उष्णोदक स्थळं आणि रोगी यात्रेकरू, १८५३ ते १९५६' असं म्हटलं की सीमा तुमच्या कामातला अडसर राहत नाही, ती अभ्यासाची वस्तू होते. कालखंडही मनाने निवडलेला नाही. सुरुवातीला नदी सीमा झाली आणि शेवटी दोन्ही काठ एका राज्यात आले.

साधनं चार थरांत मांडा. पहिला थर सरकारी: दोन्ही राजवटींचे महसूल, पोलीस आणि स्वच्छता विभागाचे कागद. दुसरा देवस्थानचा: इनामाच्या सनदा, पुजाऱ्यांच्या वह्या, धर्मशाळेच्या नोंदी. तिसरा वास्तूचा. इथे एक सावधगिरी बाळगा. 'हेमाडपंती' ही बांधणीची लोकप्रचलित ओळख आहे, तिला सन समजू नका. चुना न वापरलेलं प्रत्येक दगडी देऊळ तेराव्या शतकातलं नसतं. चौथा थर तोंडी आठवणींचा. त्यात बायकांच्या ओव्या आणि नवसाच्या हकिकती फार मोलाच्या, कारण पोराला कुंडावर नेणारी बहुधा आईच असे.

तोंडी मुलाखती घेताना रोगाचा कलंक अजून जिवंत आहे, हे विसरू नका. कुणाच्या आजोबांना काय झालं होतं, हे गावाला नव्याने कळण्याचं कारण तुमचा प्रबंध होता कामा नये. संमती घ्या, नाव बदला आणि नको म्हटलं तर वही मिटा.

आणि गाईडसमोर जाण्याआधी एक काम करा. एका कागदावर मधोमध नदी काढा. वरच्या काठावर एका राजवटीचं दफ्तर, भाषा आणि विद्यापीठ लिहा, खालच्या काठावर दुसऱ्याचं. मग नदीवरून आडवी एक पायवाट काढा आणि तिच्यावरून कोण, कोणत्या महिन्यात, कोणता आजार घेऊन गेलं असेल, ते लिहायला लागा. जिथे लिहिता येणार नाही, तिथे तुमचं संशोधन सुरू होतं.