बंद पडलेल्या विमान कंपन्या आणि जबलपूर
जबलपूर : विमान कंपनी बंद पडली की मुंबई-दिल्ली मार्गावरील जागा इतर कंपन्या लवकर भरून काढतात, लहान शहरांना मात्र ताटकळावे लागते. अशा शहरांसाठी 1981 मध्ये सुरू झालेली ‘वायुदूत’ 1993 मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तोच हेतू बाळगणारी एअर डेक्कन 2008 मध्ये किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान 17 एप्रिल 2019 रोजी उडाले. पुनरुज्जीवनाचे प्रयत्न फसल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी तिच्या अवसायनाचा आदेश दिला. जबलपूरच्या डुमना विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन 10 मार्च 2024 रोजी झाले. इमारत मोठी झाली, विमाने मात्र घटली. घटत्या विमानसेवेचा प्रश्न अखेर येथील उच्च न्यायालयात गेला.