हात हलला की माणूस?

आमच्या घरी अब्बा आणि अम्मीचा एकत्र असा एकच फोटो आहे. बीडच्या खजाना विहिरीजवळ, ऊन कलल्यावर, अगफा क्लिक-थ्री कॅमेऱ्याने मी काढलेला. तेव्हा मी कॉलेजात होतो. अब्बांचा चेहरा पुसट आला. ‘हात हलला तुझा,’ असं घरात सगळे म्हणाले. मीही ते मान्य करून टाकलं.

परवा पुतण्या नवा कॅमेरा घ्यायला निघाला. म्हणाला, ‘चाचा, हात हलला तरी फोटो हलत नाही असं लेन्स मिळतं. जास्तीचे पैसे घालावेत का?’

मला पॅरिसचा तो जुना फोटो आठवला. १८३८ साली दागेरने रहदारीच्या एका रस्त्याचं चित्र घेतलं. कॅमेरा पक्का बसवलेला, म्हणून घरं आणि झाडं रेखीव आली. पण प्लेटवर कित्येक मिनिटं प्रकाश पडू द्यावा लागे. तेवढ्यात घोडागाड्या, माणसं सगळी पुसून गेली. उरला तो बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस. कॅमेरा जराही हलला नव्हता, हललं होतं ते गाव!

पुढे स्टुडिओत माणसाच्या मानेमागे लोखंडी आधार लावू लागले. जुन्या फोटोंतले पणजोबा इतके करारी दिसतात, त्यात थोडा वाटा त्या लोखंडाचाही असावा. १८७१ साली मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कृती मांडली. ती सुधारत गेली तसा लागणारा वेळ सेकंदाच्या अंशावर आला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि दरबाराचे छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांचाही कॅमेरा जड, तिपाईवरचा.

कॅमेरा हातात आला आणि हाताची थरथर फोटोत शिरली. तिच्यावर कॅननने १९९५ मध्ये एसएलआर कॅमेऱ्यासाठी तोड काढली. लेन्समधला संवेदक थरथर ओळखतो आणि आतली काही भिंगं उलट दिशेने सरकवतो. सेकंदाच्या साठाव्या भागात जो फोटो हाताने स्थिर येतो, तो मग पंधराव्या भागातही येतो. मशिदीच्या अंधाऱ्या कमानी किंवा दूरच्या झाडावरचा पक्षी टिपणाऱ्या नवशिक्याला याचा खरा उपयोग. साध्या लेन्सने उन्हात फोटो काढणाऱ्याला फारसा नाही.

पुतण्याला टिपायच्या होत्या ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या. बैल काही थांबणार नाहीत. तिथे शटरच जलद हवं. ‘ते लेन्स त्याच भावात मिळालं तर घे,’ मी म्हटलं, ‘कर्ज काढून नको.’

त्यानेच मग आमचा तो फोटो संगणकावर मोठा करून दाखवला. विहिरीचे दगड स्वच्छ. अम्मीच्या साडीचा काठसुद्धा स्वच्छ. पुसट फक्त अब्बांचा चेहरा. ते अम्मीकडे वळून काहीतरी सांगत होते.